येणाऱ्याची वाट आणि शेतातले बटाटे

१८४४ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात लिओनार्ड हेस्टिंग्ज नावाच्या शेतकऱ्याने आपले बटाटे जमिनीतून काढलेच नाहीत. शेजारपाजारचे लोक काढू लागायला तयार होते, त्याने नको म्हटले. २२ ऑक्टोबरला येशू ख्रिस्त परत येणार, हे जग आहे तसे उरणार नाही, मग बटाटे साठवायचे कोणासाठी? तो आळशी नव्हता की वेडाही नव्हता. आपला शब्द खरा आहे हे गावाला दाखवायचे तर पीक रानात उभे ठेवण्याइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही, एवढाच त्याचा हिशेब होता.

येशूचा जन्म गोठ्यात झाला, हे ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक असते. तो पुन्हा येणार आहे, हा त्याच विश्वासाचा दुसरा भाग मात्र बाहेर फारसा पोचत नाही. चौथ्या शतकात निश्चित झालेला नायसियाचा विश्वासांगीकार आजही असंख्य चर्चमध्ये उपासनेच्या वेळी म्हटला जातो. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला ख्रिस्त वैभवाने परत येईल, हे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे वाट पाहणे हा या धर्माच्या गाभ्याचाच भाग आहे. प्रश्न इतकाच की वाट पाहायची म्हणजे नेमके करायचे काय?

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना दोन गोष्टी एका दमात सांगतो. त्या दिवसाची आणि घटकेची खबर कोणालाच नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. आणि म्हणूनच तुम्ही तयार असा. यातला ‘म्हणूनच’ फार महत्त्वाचा आहे. वेळ माहीत नाही म्हणून तयारी हवी. वेळ माहीत असेल तर तयारीची गरज शेवटच्या आठवड्यापुरतीच उरते.

त्यापाठोपाठ दहा कुमारींचा दाखला येतो. लग्नघरी वराची वाट पाहत दहा जणी दिवे घेऊन बसल्या आहेत. पाच जणींनी जादा तेल आणले आहे, पाच जणींनी नाही. वर यायला उशीर होतो. आपल्याकडे मुहूर्त टळून गेला तरी वरात चौकातच नाचत असते, तसलाच हा उशीर. मध्यरात्री हाक येते, वर आला. तेल संपलेल्या पाच जणी दुकान शोधायला धावतात आणि परत येईतो दार लागलेले असते. या गोष्टीवर आजवर अगणित प्रवचने झाली असतील, पण त्यातला एक तपशील बहुतेक वेळा निसटतो: झोप दहाही जणींना लागली होती. शहाण्यासुद्धा पेंगत होत्या. दोन गटांत फरक जागरणाचा नव्हता, तेलाचा होता. रात्रभर डोळे ताणून रस्त्याकडे बघत बसा, असे ही गोष्ट सांगत नाही. उशीर होणार हे धरून चाला, असे सांगते.

त्याच अध्यायात पुढे परदेशी गेलेल्या धन्याची गोष्ट आहे. बऱ्याच काळाने परतलेला धनी, दिलेल्या पैशाचे काय केले, हे चाकरांना विचारतो. शेवटी न्यायाचे दृश्य येते. त्यात ज्यांनी भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र दिले त्यांना नवल वाटते की आपण हे सारे राजासाठी केले होते! तयार असलेल्यांना आपण तयार आहोत याचा पत्ताच नसतो. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते हे शुभवर्तमान येशूनंतर अर्ध्याएक शतकाने लिहिले गेले. म्हणजे पहिली पिढी वाट पाहून मातीआड गेली होती, आणि उशीर हा त्या मंडळीचा रोजचा अनुभव होता.

त्याही आधी, साधारण इ. स. ५० च्या सुमारास, प्रेषित पौलाला थेस्सलनीका शहरातल्या नव्या मंडळीची समजूत काढावी लागली. प्रभू येण्याआधीच आमची माणसे मेली, त्यांचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. मेलेले आधी उठतील, असे त्याने कळवले. या मंडळीच्या नावे दुसरेही एक पत्र आहे. ते पौलाचेच की त्याच्या परंपरेतल्या कोणाचे, यावर मतभेद आहेत. त्यात अडचण वेगळी आहे. प्रभूचा दिवस आलाच, अशा समजुतीने मंडळी घाबरली आहे. शिवाय काही जण कामधंदा न करता दुसऱ्यांच्या घरात लुडबूड करत फिरतात. ज्याला काम नको त्याला जेवणही नको, इतक्या कडक शब्दांत पत्रलेखक त्यांना फटकारतो. ही दोन लक्षणे जोडीने येतात असे पत्र स्पष्ट म्हणत नाही, पण शेजारीशेजारी ठेवली की हेस्टिंग्जचे बटाटे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

हेस्टिंग्जला ती तारीख कुठून मिळाली? त्यासाठी विल्यम मिलरकडे जावे लागते. १७८२ मध्ये जन्मलेला हा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा शेतकरी. तरुणपणी त्याचा देव होता, पण जगाला किल्ली देऊन बाजूला झालेला. १८१२ च्या इंग्लंड-अमेरिका युद्धात तो कॅप्टन होता. १८१४ च्या प्लॅट्सबर्गच्या लढाईत अमेरिकेची बाजू दुबळी असूनही जिंकली, आणि हे आपोआप कसे झाले या विचाराने त्याच्या मनात चलबिचल सुरू झाली. १८१६ च्या सुमारास तो पुन्हा बाप्टिस्ट चर्चकडे वळला. जुने मित्र थट्टा करू लागले तेव्हा त्याने ठरवले, बायबल पहिल्या ओळीपासून वाचायचे, अडले तिथे पुढे जायचे नाही. हाताशी क्रूडनची शब्दसूची होती, दुसरे भाष्य नाही.

दोन वर्षांनी तो दानीएलच्या पुस्तकातल्या एका आकड्यापाशी थांबला. पवित्रस्थान शुद्ध व्हायला २,३०० संध्याकाळ-सकाळ लागतील, असे तिथे म्हटले आहे. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, हा संकेत मिलरच्या आधीपासून अनेक भाष्यकार मानत आले होते. मोजणी सुरू करायला त्याने इराणच्या अर्तहशश्त राजाचे फर्मान घेतले, इ. स. पू. ४५७ मधले. २,३०० वजा ४५७ म्हणजे १८४३. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी, आणि शुद्ध होणे म्हणजे ख्रिस्ताच्या येण्याने होणारे अग्निशोधन, असा अर्थ त्याने लावला. वजाबाकी इतकी सोपी होती की कोणत्याही शेतकऱ्याला ती अंगणात बसून पडताळता आली असती, आणि चळवळीचे बळ त्यातच होते. (इ. स. पू. १ नंतर थेट इ. स. १ येते, मधे शून्य वर्ष नाही, म्हणून उत्तर खरे तर १८४४ निघते. हा दोष पुढे चळवळीतल्याच लोकांनी दाखवला.)

मिलरबद्दल माझे मत त्याच्या टीकाकारांपेक्षा मऊ आहे, आणि त्याला कारण आहे. १८१८ मध्ये उत्तर हाती आल्यावर हा माणूस तेरा वर्षे सभेत बोलला नाही. आकडे उलटसुलट तपासत राहिला, शेती करत राहिला. १८३१ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या ड्रेस्डेन गावातून बोलावणे आले तेव्हा, वयाच्या पन्नाशीला टेकल्यावर, त्याने पहिले व्याख्यान दिले. त्यानंतरही तो नेहमी ‘१८४३ च्या सुमारास’ असेच म्हणे. १८३९ मध्ये त्याला बॉस्टनचा जोशुआ हाइम्स भेटला. चार्डन स्ट्रीट चर्चचा हा पाळक प्रसिद्धीचे तंत्र जाणणारा होता. साप्ताहिके निघाली, कापडावर छापलेले प्राण्यांच्या आकृत्यांचे आणि आकड्यांचे तक्ते आले, हजारोंना सामावणारा प्रचंड तंबू गावोगाव उभा राहू लागला. मिलरला मानणाऱ्यांचा आकडा इतिहासकार साधारण पन्नास हजार ते एक लाख धरतात.

लोकांच्या आग्रहापुढे मिलरने शेवटी यहूदी वर्षाच्या हिशेबाने २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ अशी मुदत सांगितली. ती गेली. पुढचे महिने चाचपडण्यात गेले. मग ऑगस्टमध्ये एक्सेटरच्या शिबिरात सॅम्युएल स्नो उभा राहिला. यहूदी प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या तिथीला येतो. कराईट यहूद्यांच्या जुन्या कालगणनेप्रमाणे तो त्या वर्षी २२ ऑक्टोबरला पडतो. महायाजक त्या दिवशी पवित्रस्थानातून बाहेर येत असे, ख्रिस्तही त्याच दिवशी येईल. या संदेशाला लोकांनी दाखल्यातलेच नाव दिले: मध्यरात्रीची हाक. उशीर झाला होता, झोप लागली होती, आता हाक आली, सगळे जुळत होते. गंमत म्हणजे पुढाऱ्यांना ही तारीख बऱ्याच उशिरा पटली. मिलरने ती स्वीकारली तेव्हा जेमतेम पंधरवडा उरला होता. तारीख वरून खाली आली नाही, ती शिबिरांतून वर चढली.

त्या शेवटच्या आठवड्यांत लोकांनी काय केले? उधाऱ्या फेडल्या. जुन्या भांडणांतल्या माणसांकडे जाऊन क्षमा मागितली, लबाडीने घेतलेले परत केले. काहींनी दुकानांना कुलूप लावले, काहींनी जमीन विकून पैसा छपाईला दिला. पांढरे झगे घालून लोक टेकड्यांवर आणि झाडांवर चढून बसले होते, ही लोकप्रिय कथा मात्र जवळजवळ निश्चितपणे बनावट आहे. याच चळवळीतून पुढे निघालेल्या ॲडव्हेंटिस्ट पंथातल्या फ्रान्सिस निकोल या लेखकाने १९४४ मध्ये तिचा माग काढला आणि तिला समकालीन पुरावा सापडत नाही हे दाखवले. बहुतेक जण आपापल्या घरांत किंवा सभागृहांत प्रार्थना करत बसले होते. थट्टेला झगे सोयीचे असतात. परत केलेल्या उधारीवर हसणे अवघड जाते.

२२ तारीख सरली. पोर्ट गिब्सनचा हायरम एडसन याने नंतर लिहून ठेवले आहे की ते सगळे पहाट होईपर्यंत रडत राहिले. सकाळी शेजाऱ्यांच्या चौकश्या सुरू झाल्या, अजून इथेच का, बायको तुम्हाला मागे टाकून वर गेली की काय. पुष्कळांकडे हिवाळ्यापुरते धान्यही नव्हते. दारिद्र्यात सापडलेल्या या लोकांना मदत मिळावी म्हणून हाइम्सने लगेच धडपड सुरू केली, आणि त्याच्या प्रसिद्धीतंत्रावर नाक मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे. मिलरच्या स्वतःच्या बाप्टिस्ट मंडळीने १८४५ च्या जानेवारीत त्याला काढून टाकले. चूक झाली हे त्याने मान्य केले. ख्रिस्त लवकरच येणार, ही आशा मात्र १८४९ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही.

आणि बटाटे? त्या वर्षांत अमेरिकेच्या ईशान्येला बटाट्यावर रोग पसरला होता. ॲडव्हेंटिस्ट आठवणींनुसार वेळेवर काढून तळघरात ठेवलेले शेजाऱ्यांचे बटाटे सडले, हेस्टिंग्जचे जमिनीत टिकले आणि उशिरा काढल्यावर त्यांना चांगला भाव आला. सांगणारे यात देवाचा हात पाहतात. मला यात थोडी अडचण वाटते. पीक वाचले म्हणून निर्णय बरोबर ठरत असेल, तर ज्यांचे पीक गेले आणि घरही गेले त्यांच्या विश्वासाला काय म्हणायचे?

फुटलेल्या चळवळीतून वाटा निघाल्या. पुष्कळ जण गप्पपणे जुन्या चर्चमध्ये किंवा कुठेच नाही असे झाले, काही शेकर पंथात गेले. काहींनी नव्या तारखा काढल्या. त्या धाग्याचे एक टोक पुढे चार्ल्स रसेलपर्यंत आणि यहोवाच्या साक्षीदारांपर्यंत पोचते. तिसरा, अगदी लहान गट म्हणाला, तारीख बरोबर होती, घटना चुकली. एडसनला २३ ऑक्टोबरच्या सकाळी मक्याच्या शेतातून जाताना सुचले की शुद्ध व्हायचे पवित्रस्थान पृथ्वीवर नाही, स्वर्गात आहे, आणि ख्रिस्ताने काल तिथल्या कामाचा शेवटचा टप्पा सुरू केला. हा खुलासा टीकाकारांना पळवाट वाटतो, आणि इतिहासाच्या कसोटीवर तो तपासताच येत नाही, हे खरेच आहे. पण त्याने एक काम केले: पुढची तारीख काढण्याची गरज संपवली.

सुरुवातीच्या वर्षांत या गटाने एक अंधारा टप्पाही पाहिला. दाखल्यात दार लागते, तसे कृपेचे दार २२ ऑक्टोबरला लागले, आता बाहेरच्यांना सांगण्यात अर्थ नाही, असे त्यांच्यातले बरेच जण काही वर्षे मानत होते. तयारीचे रूपांतर इतक्या चटकन कुंपणात होऊ शकते. नवे लोक दारात येऊन उभे राहू लागले तेव्हा ते मत हळूहळू गळून पडले.

तारखेविना तयारी कशी दिसते, याचे माझ्या दृष्टीने उत्तम उदाहरण मिलरच्याही आधीचे आहे. १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंडवर भर दिवसा काळोख पसरला. कोंबड्या खुराड्यात परतल्या, घरांत दिवे लागले, न्यायाचा दिवस आला म्हणून लोक चर्चकडे धावले. (काळोखाचे कारण दूरच्या जंगलांतल्या वणव्याचा धूर असावा. झाडांच्या वर्तुळांचा अभ्यासही तेच सुचवतो.) हार्टफर्डमध्ये कनेक्टिकटच्या विधिमंडळाची बैठक चालू होती, ती तहकूब करावी असे सदस्यांना वाटले. अब्राहम डेव्हनपोर्ट या सदस्याने विरोध केला. न्यायाचा दिवस आला नसेल तर तहकुबीचे कारण नाही, आणि आला असेल तर मी कामावर असतानाच सापडलेला बरा, मेणबत्त्या आणा, अशा अर्थाचे तो बोलला. बैठक पुढे चालू राहिली. उद्या जग संपणार असले तरी आज सफरचंदाचे झाड लावीन, हे मार्टिन ल्यूथरच्या नावे फिरणारे वाक्य याच जातीचे आहे. पण ल्यूथरच्या लेखनात ते सापडत नाही, त्याचा माग विसाव्या शतकाच्या मध्यापलीकडे जात नाही.

तारखांचा सोस पुढेही सरला नाही. दक्षिण कोरियात ली जँग-रिमच्या दामी मिशनने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरे विकली. लीकडे मात्र त्या तारखेनंतर मुदत संपणारे रोखे निघाले आणि तो फसवणुकीसाठी तुरुंगात गेला. कॅलिफोर्नियातल्या हॅरल्ड कॅम्पिंगने आपल्या रेडिओवरून २१ मे २०११ सांगितला, मग २१ ऑक्टोबर. दोन्ही गेल्यावर वर्षभरात त्याने जाहीरपणे कबूल केले की तारीख काढणे हेच पाप होते. ली आणि मिलर यांना एकाच टोपलीत टाकणे अन्यायाचे आहे. पण अनुयायांचे नुकसान मोजताना हेतूची शुद्धता फारशी कामी येत नाही.

मुख्य प्रवाहातल्या चर्चने हा पेच वेगळ्या मार्गाने हाताळला: वाट पाहणेच पंचांगात बसवून टाकले. नाताळाआधीचे चार रविवार हा आगमनकाळ. त्याच्या पहिल्या रविवारी वाचन गोठ्याचे नसते, जागे राहा असे सांगणाऱ्या शेवटच्या दिवसांच्या उताऱ्याचे असते. नाताळच्या खरेदीत गुंतलेल्या उपासकाला ते दरवर्षी थोडे बेसूर वाटते. हिरव्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती लावण्याची प्रथा आता वसईपासून पुण्यापर्यंत अनेक चर्चमध्ये दिसते. तिची सुरुवात १८३९ ची, म्हणजे हाइम्स मिलरला भेटला त्याच वर्षाची. हॅम्बर्गमध्ये गरीब मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या योहान विखर्नला मुले रोज विचारत, नाताळ आला का. त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रोजची एक लहान आणि रविवारची मोठी. मुलांना मोजायला तारीख होती, कारण तो दिवस आधीच येऊन गेलेला होता. दुसऱ्या आगमनाचे चाक बनवता येत नाही.

तारीख सोडून दिलेल्या त्या लहान गटाचे पुढे काय झाले, हा या हकिकतीतला सगळ्यात रंजक भाग आहे. त्यांची छपाईची यंत्रे मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावी होती. ती कोणाच्या नावावर ठेवायची? १८६० मध्ये यावरून कडाक्याचा वाद झाला. प्रभू कधीही येईल म्हणणाऱ्यांनी सरकारदरबारी नोंद केलेली, मालमत्ता धारण करणारी संस्था काढायची? काहींना ही सरळसरळ जगाशी तडजोड वाटली. शेवटी नाव घेतले गेले, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, आणि १८६३ मध्ये सर्वसाधारण परिषद स्थापन झाली. ‘आगमन’ आणि ‘संस्था’ हे दोन शब्द तेव्हापासून एकाच पाटीवर आहेत. मग इस्पितळे आली, शाळा आल्या. बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात जॉन हार्वे केलॉग रुग्णांसाठी धान्याचे पदार्थ करून पाहत असे, त्यातून न्याहरीचे फ्लेक्स निघाले. त्याच्या धाकट्या भावाने पुढे कॉर्नफ्लेक्सचा कारखाना काढला. जगाच्या अंताची वाट पाहणाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून जगाची न्याहरी बदलली, याची नोंद धर्मशास्त्राच्या पुस्तकांत सापडणार नाही.

याच पंथाचे विल्यम स्पायसर १८९८ मध्ये कलकत्त्याला आले आणि इथल्या ‘ओरिएंटल वॉचमन’ या नियतकालिकाचे काम पाहू लागले. वॉचमन म्हणजे पहाऱ्यावरचा माणूस. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १९१५ मध्ये कोइमतूरला एका साध्या शाळेच्या रूपात सुरू झाले, बंगळूरमार्गे १९४२ मध्ये पुण्याला आले आणि आता औंध रस्त्यावर स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ म्हणून उभे आहे. जुन्या पुणेकरांपैकी अनेकांना ते धर्मापेक्षा तिथल्या बेकरीतल्या ब्राऊन ब्रेडमुळे माहीत आहे. ख्रिस्ताचे येणे जवळ आहे, ही शिकवण पंथाने सोडलेली नाही, फक्त तिला दिवस-महिना जोडलेला नाही. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत तिथे शब्बाथ पाळतात, वर्ग भरत नाहीत. बाकीचे दिवस हजेरी, परीक्षा आणि पुढच्या वर्षाचे प्रवेश.